खोक्यातून आलेल्या कपाटात हँगरचा रॉड पक्का कसा बसवायचा

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात रात्री दीड-दोनच्या सुमाराला आमच्या बेडरूममध्ये धप्प असा आवाज झाला. मांजर असेल म्हणून आम्ही कूस बदलली. सकाळी कपाटाचं दार उघडलं तर निम्मे कपडे अंगावर आले. रॉड डाव्या बाजूने सुटून तिरका लोंबत होता. मी आधी रॉडच्या नावाने बोटं मोडली, मग तो डोळ्यांसमोर आडवा धरून पाहिला, तर अगदी सरळसोट! वाकण्याचं नावही नाही. त्याला धरून ठेवणारी प्लास्टिकची वाटी मात्र चपलांच्या खणात पडली होती. तिच्यातून दोन स्क्रू डोकावत होते आणि त्यांच्या आट्यांत चिमूट चिमूट भुसा अडकला होता. फळीवर वाटीच्या जागी दोन खड्डे.

ऑनलाइन मागवलेल्या, सुट्या फळ्यांच्या रूपात येणाऱ्या कपाटांत रॉड पडतो तो बहुतेक वेळा असाच. म्हणून बाजारातून जाडजूड रॉड आणला आणि जुन्याच खड्ड्यांत स्क्रू पिळले, तर पुढच्या दिवाळीपर्यंतही कपाट टिकत नाही. मी हे एकदा करून पाहिलं आहे, चार महिने टिकलं. रॉडवरचं वजन फळीला लटकत न ठेवता खाली तळापर्यंत कसं न्यायचं, हा यातला खरा प्रश्न आहे. ते जमलं की बाकीचं काम एका दुपारचं.

आधी वजनाचा अंदाज घ्या

घरातला काटा काढा आणि दहा कपडे हँगरसकट मोजा. आमच्याकडे कॉटनचा शर्ट हँगर धरून पाव किलोच्या थोडा वर भरला, जीन्स पाऊण किलोच्या आसपास, सुती साडी अर्धा किलो, काठापदराची जरा भारी साडी किलोला टेकली. तीन फुटी कपाटात आपण कोंबून कोंबून चाळीसेक हँगर लावतो. म्हणजे वीस किलो कुठे गेले नाहीत, आणि साड्या, शेरवानी, थंडीचे कोट असले तर तीस. हिशोब तीस किलोचा धरा, म्हणजे प्रत्येक टोकाला पंधरा. पंधरा किलो म्हणजे स्वयंपाकाच्या गॅसच्या भरलेल्या सिलिंडरमधल्या गॅसपेक्षा थोडंच जास्त. एवढं वजन दोन बारक्या स्क्रूंवर वर्षानुवर्षं टांगलेलं असतं, आणि आपण रोज सकाळी घाईत हँगर ओढताना त्याला वरून हिसके देतो.

जाता जाता एक सांगतो. जरीची पैठणी हँगरवर महिनोन् महिने टांगूच नका. जरीच्या वजनाने घडीच्या जागी रेशीम विरतं. ती मलमलच्या कापडात गुंडाळून वरच्या फळीवर ठेवावी आणि अधूनमधून घडी बदलावी. साडीही वाचते आणि रॉडचा भारही हलका होतो.

फळी कशाची आहे ते ओळखा

या कपाटांची फळी बहुधा पार्टिकल बोर्डाची असते. लाकडाचा भुगा आणि चिकटपदार्थ दाबून केलेला पत्रा, वर दोन्ही बाजूंनी लाकडासारखा छापील कागद किंवा पातळ लॅमिनेट. जाडी १५, १६ किंवा १८ मिमी. सुताराच्या भाषेत १६ मिमी म्हणजे पाच सूत. एका इंचात आठ सूत, हा हिशोब हार्डवेअरच्या दुकानात अजून चालतो, तेव्हा लक्षात ठेवा. कड बघितली की ओळख पटते: प्लायला एकावर एक थर दिसतात, पार्टिकल बोर्डात राजगिऱ्याच्या वडीसारखे कण.

या बोर्डाची तऱ्हा अशी की त्याचे दोन्ही पृष्ठभाग घट्ट असतात आणि पोट भुसभुशीत. स्क्रू पहिल्यांदा नीट बसला तर छान धरतो. तोच काढून पुन्हा लावला, किंवा ड्रिल मशीनने जोरात पिळला, की आटे जातात आणि पोटातला भुगा सुटतो. कडेत मारलेला स्क्रू त्याहून लवकर दगा देतो, कारण तो थेट पोटातच जातो. आणि पाणी? पाणी लागलं की हा बोर्ड पोह्यासारखा फुगतो आणि परत बसत नाही. कोकणात, मुंबईत पावसाळ्यात ओल धरणाऱ्या भिंतीला कपाट चिकटवून ठेवलं असेल तर रॉडचं काम काढण्याआधी ते दोन-तीन इंच पुढे घ्या. फुगलेल्या फळीत कोणताच स्क्रू धरत नाही, मग कितीही भारी आणा.

दुकानातून काय आणायचं

रॉड: स्टेनलेस स्टीलचा गोल पाईप, २५ मिमी म्हणजे एक इंची, पत्र्याची जाडी १.२ मिमी. दुकानदार गेजमध्ये बोलेल. १८ गेज म्हणजे साधारण १.२ मिमी, आणि गेजचा आकडा वाढतो तसा पत्रा पातळ होत जातो, उलटं नाही. जाडीचा हट्ट का, ते आकड्यांत सांगतो. ९० सेंमीच्या रॉडवर तीस किलो सारखं पसरलं, तर हा पाईप मधोमध जेमतेम सव्वादोन मिमी वाकतो. कपाटासोबत अनेकदा येणारा १९ मिमीचा, ०.८ मिमी जाडीचा पाईप स्टीलचाच असला तरी साडेसात मिमी वाकेल. तोच अ‍ॅल्युमिनियमचा असेल तर वीसेक मिमी, म्हणजे डोळ्यांना झोळ दिसेल आणि सगळे हँगर घसरून मध्ये गोळा होतील.

आणखी एक आकडा ध्यानात ठेवा. कपडे त्याच दाटीने लावले आणि रॉडची लांबी दुप्पट केली, तर झोळ दुप्पट होत नाही, सोळापट होतो. म्हणून तीन फुटांपुढच्या रॉडला मध्ये आधार हवाच. त्यावर जाड पाईप हा उपाय नाही.

अंडाकृती रॉड घेतलात तर तो उभा बसवायचा, चपट्या बाजू पुढे-मागे. आडवा बसवला की त्याची अर्धी ताकद वाया. आणि स्टेनलेसच घ्या. साध्या लोखंडाला चकाकी दिलेला पाईप दिसायला तसाच, पण किनारपट्टीच्या दमट हवेत वर्षा-दोन वर्षांत गंजाचे ठिपके पडतात आणि ते पांढऱ्या सदऱ्याच्या खांद्याला लागतात. चुंबक घेऊन जा, लोखंड असेल तर टक्कन चिकटेल. मात्र ३०४ आणि २०२ या स्टेनलेसच्या दोन प्रतींमधला फरक चुंबकाने कळत नाही, दोन्हींना ते चिकटत नाही. कपाटाच्या आत २०२ चालून जातं. समुद्राजवळ राहत असाल तर ३०४.

रॉडच्या वाट्या: काहीजण सॉकेट म्हणतात, काहीजण पाईप होल्डर. ओतीव धातूच्या, तीन भोकांच्या घ्या. प्लास्टिकच्या नकोत, एका स्क्रूच्या तर नकोतच.

स्क्रू: पार्टिकल बोर्डासाठी मिळतात ते रुंद आट्यांचे चिपबोर्ड स्क्रू, ४ मिमी जाडीचे. दुकानदार हटकून जिप्समचे काळे स्क्रू पुढे करतो. ते कडक असतात खरे, पण ठिसूळ. आडवा भार आला की काडीसारखे मोडतात. ते फॉल्स सीलिंगला ठीक आहेत, इथे नकोत.

प्लायच्या पट्ट्या: हा या कामाचा जीव. १८ मिमी प्लायच्या, चार इंच रुंद, दोन पट्ट्या. अख्खा शीट घेऊ नका, कोणत्याही सुताराकडे किंवा प्लायच्या दुकानात कटपीस पडलेले असतात आणि पट्ट्या सरळ कापूनही मिळतात. आयएस ३०३ चा साधा प्लाय पुरतो. खोली ओलसर असेल तर आयएस ७१० चा मरीन प्लाय घ्या.

हत्यारं म्हणाल तर टेप, गुण्या (काटकोन तपासायची पट्टी), पेन्सिल, ड्रिल, २.५ आणि ४ मिमीचे बिट, हातातला स्क्रू ड्रायव्हर, हॅक्सॉ, कानस, पाणसळ (पातळी सपाट आहे का ते बुडबुड्याने दाखवणारी) आणि कागदी टेप. पट्टीच्या खाचेसाठी २६ मिमीचा गोल कापणारा बिट लागेल. तो नसेल तर ती खाच प्लायवाल्याकडूनच करून घ्या.

पट्टी कशाला? सुतारकाकांचं उत्तर

चार महिन्यांनी दुसऱ्यांदा रॉड पडला तेव्हा मी सोसायटीत काम करत असलेल्या एका सुतारकाकांना वर बोलावलं. त्यांनी कपाटात डोकं घातलं, वाटीच्या खड्ड्यात नख फिरवलं आणि म्हणाले, “भिंतीला लटकलेला माणूस लवकर दमतो का जमिनीवर उभा असलेला? ह्याला उभं करा की.”

तेवढंच. वाटी फळीला लटकते. तिचं सगळं वजन स्क्रूंनी पेलायचं असतं. प्लायची पट्टी कपाटाच्या तळावर उभी राहते आणि रॉड तिच्या डोक्यावरच्या खाचेत बसतो. वजन खाचेतून पट्टीत, पट्टीतून तळात. स्क्रूंना फक्त पट्टी आडवी होऊ द्यायची नाही, एवढंच काम उरतं, आणि ते पार्टिकल बोर्डातला स्क्रूही आनंदाने करतो. चिकटवायचीही गरज नाही. नाहीतरी लॅमिनेटच्या गुळगुळीत पृष्ठभागावर पांढरा फेव्हिकॉल धरतच नाही.

मग वाट्या कधी? रॉड अडीच फुटांपर्यंत असेल, फक्त शर्ट-कुर्ते असतील आणि फळीत जुने खड्डे नसतील तर धातूच्या वाट्या पुरतात. बाकी सगळीकडे माझं मत पट्टीच्या बाजूने.

काम सुरू: आधी कपाट सरळ करा

कपाट रिकामं करा. खरंच पूर्ण रिकामं, खालचा “नंतर बघू”चा ढीगसुद्धा. तळावर पाणसळ ठेवा. आपल्या फ्लॅटमधल्या फरश्यांना बाथरूमकडे किंवा बाल्कनीकडे हलका उतार असतोच, त्यामुळे कपाट एका कोपऱ्यात बसलेलं सापडेल. तिथे लाकडाची पाचर सारा. मग कर्ण मोजा: वरचा डावा कोपरा ते खालचा उजवा, आणि उलट. दोन्ही मापं सारखी आली म्हणजे कपाट गुण्यात आहे. फरक पाच मिमीच्या वर असेल तर कपाट हळूच ढकलून मापं जुळवा आणि पाठीची पातळ फळी पाहा. ती बहुधा फक्त तीन मिमीची आणि बारीक खिळ्यांनी ठोकलेली असते, पण कपाटाला पिळवटू न देणारी तीच. खिळे उपटले असतील तर दर सहा इंचांवर छोटे स्क्रू मारा. हे न करता रॉड बसवला तर वजन आल्यावर कपाट कलेल, दारं घासतील आणि दोष रॉडला जाईल.

जागा ठरवणं

उंचीसाठी पुस्तकी मापं सांगता येतील, पण त्याहून सोपी युक्ती आहे. घरातला सगळ्यात लांब टांगायचा कपडा हँगरला लावा, हँगर दाराच्या वरच्या कडेला अडकवा आणि आकड्यापासून खालच्या टोकापर्यंत मोजा. त्यात दोन इंच मिळवा. तेवढी उंची तळापासून रॉडपर्यंत हवी. शर्ट-कुर्त्यांना साधारण एक मीटर पुरतं, म्हणून दोन मीटर उंचीची मोकळी जागा असली तर एकाखाली एक असे दोन रॉडही बसतात. रॉडच्या वरच्या कडेपासून वरच्या फळीपर्यंत किमान दोन इंच सोडा, नाहीतर हँगर उचलून काढता येत नाही. हे माप चुकलेली कपाटं मी तयार फर्निचरच्या दुकानांतही पाहिली आहेत.

खोली: हँगरची रुंदी ४२ ते ४५ सेंमी असते. कपाट आतून ५५ सेंमी खोल असेल तर रॉड बरोबर मध्ये, पाठीपासून २७-२८ सेंमीवर. स्वस्तातली बरीच कपाटं आतून ४५ सेंमीच खोल असतात. तिथे आडवा रॉड लावला की दार बंद होताना बाह्या चिमटतात. अशा कपाटात पुढे-मागे जाणारा, ओढून बाहेर काढायचा रॉड लावावा, पण तो वरच्या फळीला लटकतो, त्यामुळे आरपार नट-बोल्टशिवाय लावू नका.

खुणा करताना एक पथ्य पाळा: दोन्ही बाजूंची उंची कपाटाच्या तळफळीपासून मोजा, जमिनीपासून किंवा वरच्या फळीपासून नाही. तळावर पट्टी उभी राहणार आहे, तेव्हा तोच आपला आधार.

पट्ट्या बसवणं

समजा रॉडचा मध्य तळापासून १६५ सेंमीवर हवा. पट्टीची लांबी त्याहून दोन सेंमी जास्त कापून घ्या, १६७ सेंमी, आणि बरोबर १६५ वर, रुंदीच्या मधोमध, २६ मिमीचं भोक पाडा. आता भोकाच्या दोन्ही कडांपासून वर सरळ कापा, म्हणजे वरून उघडी, इंग्रजी यू सारखी खाच होईल. २५ मिमीचा पाईप तिच्यात एक मिमीच्या मोकळिकीने बसतो. दोन्ही पट्ट्या एकमेकींवर ठेवून एकत्र कापल्या तर उंचीचा फरक पडतच नाही. कडा पॉलिश पेपरने घासा, साड्यांना कुसळं लागणार नाहीत.

पट्टी बाजूच्या फळीला टेकवून उभी करा. खाली तळाला ती नीट, पोकळी न ठेवता टेकली पाहिजे. कागदाचा तुकडा खालून सरकवून बघा. सरकला तर पट्टी हवेत आहे आणि सगळा खटाटोप फुकट. गुण्यात उभी आहे ना ते पाहून पेन्सिलने बाजूने रेघ ओढा.

आता स्क्रूंची लांबी. पट्टी १८ मिमी, फळी १६ मिमी. स्क्रू ३० मिमीचा घेतला तर १८ प्लायमध्ये, १२ फळीत आणि बाहेर निघायला चार मिमी शिल्लक. ३५ मिमीचा घेतला तर टोक कपाटाच्या बाहेरून डोकं काढेल. पंधरा मिमीच्या फळीलाही ३० च चालतो, फक्त मशीनने शेवटपर्यंत पिळू नका. पट्टीत दर फूटभर अंतरावर ४ मिमीचं आरपार भोक पाडा, पट्टी जागेवर धरा, त्या भोकांतून फळीवर टोच्याने खूण करा, पट्टी बाजूला काढा आणि खुणांवर २.५ मिमीचं भोक पाडा. हे छोटं भोक टाळू नका. त्याशिवाय स्क्रू बोर्डाचा भुगा रेटत जातो आणि आतून फळी फोडतो. बिटवर टोकापासून ११ मिमीवर कागदी टेपचा छोटा झेंडा लावा. झेंडा फळीला लागला की थांबा. लॅमिनेटचे टवके उडू नयेत म्हणून खुणेवरही टेप चिकटवा आणि मशीन सावकाश चालवा.

स्क्रू मशीनने तीन चतुर्थांश आणि शेवटचे दोन फेरे हाताने. हाताला कळतं. घट्ट होत होत अचानक सैल लागलं, की आटे गेले समजा.

कपाटाचा तळ जमिनीला टेकलेला नसेल, दोन-तीन इंच उंच असेल, तर पट्टीच्या बरोबर खाली, तळफळी आणि फरशी यांच्यामध्ये लाकडाचा ठोकळा सारा. वजन तिथपर्यंत आणलंत आणि शेवटचे दोन इंच हवेत सोडलेत, असं व्हायला नको. खाली ड्रॉवर असले तर पट्टी मधल्या पक्क्या फळीवर उभी करा आणि त्या फळीखाली, ड्रॉवरच्या चॅनेलच्या मागे किंवा पुढे जागा बघून, दुसरा तुकडा लावा.

रॉड कापणं

नव्याने हे करणाऱ्याचा हात इथे सगळ्यात जास्त चुकतो. रॉडची लांबी कपाटाच्या बाहेरच्या मापावरून काढू नका, आणि तळाशी मोजून वर कापू नका. फळ्या मध्ये फुगलेल्या असतात. रॉड बसणार तिथेच, त्याच उंचीवर मोजा.

९० सेंमीच्या कपाटात १६ मिमीच्या दोन फळ्या गेल्या की आत ८६८ मिमी उरतात. पट्ट्यांच्या खाचा वरून उघड्या असल्यामुळे रॉड एका फळीपासून दुसऱ्या फळीपर्यंत जाऊ शकतो, म्हणून २ मिमी सोडून ८६६ ला कापा. वाट्या वापरणार असाल तर प्रत्येक वाटीच्या तळाची जाडीही वजा करा: तळ ३ मिमीचा असला तर ८६८ वजा ६, वजा २, म्हणजे ८६०. एक सेंमीने आखूड कापला तर तो रॉड मी परत घेईन, असं कोणताच दुकानदार म्हणत नाही. शिवाय आखूड रॉड असला आणि वजनाने फळ्या जरा बाहेर फाकल्या, की तो वाटीतून सुटतो. कितीतरी रॉड स्क्रू शाबूत असताना असेच पडतात. म्हणून वाटीला रॉड आवळायचा छोटा स्क्रू असेल तर तो जरूर आवळा; मग रॉडच दोन्ही फळ्यांना धरून ठेवतो.

काप सरळ यावा म्हणून साध्या कागदाची पट्टी पाईपभोवती गुंडाळा, तिच्या कडा जुळवा आणि त्या कडेने पेन्सिल फिरवा. हॅक्सॉला बारीक दातांचं पातं लावा. पाईप पायाने दाबून कापू नका, पातळ पाईप चेपतो. दोन पुस्तकांमध्ये ठेवून कोणाला तरी धरायला सांगा. कापल्यावर आतली-बाहेरची कड कानशीने घासा. स्टेनलेसची ताजी कड ब्लेडसारखी असते, मी अंगठ्यावर खूण बाळगून आहे.

फक्त वाट्यांवर भागणार असेल तर

वाटी नव्या, कोऱ्या जागी लावा. जुन्या खड्ड्यांपासून किमान दीड-दोन इंच दूर. उघडी बाजू वर. स्क्रू १६ मिमीचे, म्हणजे वाटीच्या तीन मिमी तळातून जाऊन फळीत १३ मिमी शिरतील. कपाटाची बाहेरची बाजू भिंतीकडे किंवा दुसऱ्या कपाटाकडे असेल, दिसत नसेल, तर स्क्रूंऐवजी ४ मिमीचे आरपार बोल्ट घाला आणि बाहेरून नटाखाली रुंद वायसर द्या. वायसर विसरलात तर नट भुशात रुतत जातो. मधल्या उभ्या फळीच्या दोन्ही अंगांना रॉड येणार असतील तर दोन्ही वाट्यांचे स्क्रू एकमेकांना आत भेटतात आणि फळी पोखरतात. एक वाटी इंचभर वर-खाली करा, किंवा एकाच बोल्टने दोन्ही आवळा.

जागा बदलणं शक्यच नसेल तर जुनं भोक भरा. आगपेटीच्या काड्या आणि फेव्हिकॉल हा घरगुती उपाय शर्टांपुरता चालतो. नीट करायचं तर भोक ८ मिमीचं करा, खोली १२ मिमीच्या पुढे नको, त्यात फेव्हिकॉल लावून ८ मिमीचा लाकडी डॉवेल, म्हणजे गोल खुंटी, ठोका. कपाटाच्या खोक्यात असे डॉवेल जास्तीचे निघतात, ते फेकू नका. आत उघडा भुसा असल्यामुळे इथे फेव्हिकॉल मस्त धरतो. एक दिवस वाळू द्या, वरचा भाग कापून सपाट करा, मग त्यात २.५ मिमीचं नवं भोक.

मधला आधार

तीन फुटांपुढे रॉडला मध्ये धरायला लोंबता ब्रॅकेट मिळतो. तो वरच्या फळीला खालून स्क्रूने लावायची पद्धत आहे आणि ती चुकीची आहे: तिथे वजन स्क्रूला सरळ उपटायला बघतं, आणि पार्टिकल बोर्ड यातच सगळ्यात कच्चा. वरच्या फळीतून आरपार बोल्ट घाला, वर मोठा वायसर. वरच्या फळीवर सुटकेसा ठेवत असाल तर तीही वाकेल, म्हणून शक्य असल्यास ब्रॅकेट विसरा आणि मध्येही एक प्लायची पट्टी तळापासून उभी करा. तिला पाठीकडे धरायला एक आडवी पट्टी लागेल. कपडे दोन भागांत विभागले जातात, आणि नवरा-बायकोच्या कपाटात तो फायदाच धरावा.

भिंतीला बांधा

रॉड पक्का झाला की तुम्ही जास्त कपडे लावणार, दारं उघडल्यावर सगळं वजन पुढे येणार. घरात लहान मूल असेल तर ते खालच्या कप्प्यावर चढणार हे गृहीत धरा. वरच्या बाजूला दोन एल अँगल लावून कपाट भिंतीला बांधा. विटांच्या भिंतीत स्क्रू धरायला ८ मिमीची प्लास्टिकची गिट्टी पुरते. नव्या टॉवरांतल्या सबंध काँक्रीटच्या भिंतींना हातोडी मारणारं ड्रिल लागतं, साध्या मशीनने फक्त धूर निघतो. हलक्या सिपोरेक्स ब्लॉकच्या भिंतीत मात्र साधी गिट्टी सैल पडते, तिथे त्या ब्लॉकसाठीची लांब गिट्टी मागा. स्विचबोर्डाच्या सरळ वर किंवा खाली भोक पाडू नका, वायर तिथूनच गेलेली असते. भाड्याचं घर असेल तर मालकांना आधी विचारा. दोन भोकांसाठी डिपॉझिटवरून वाद नको.

वजन देऊन बघा

लगेच कपडे लावायचा मोह आवरा. पाच-पाच किलोच्या कणकेच्या किंवा गव्हाच्या पिशव्या कापडी पिशवीत घालून चार-सहा ठिकाणी टांगा, एकूण तीस किलोपर्यंत. पाण्याचे कॅन नकोत, एक सांडला तर तळफळी गेली. रॉडच्या दोन टोकांना घट्ट दोरा ताणून बांधा आणि मध्ये दोरा व रॉड यांतलं अंतर मोजा. दोन-तीन मिमी ठीक. एक रात्र तसंच ठेवा आणि सकाळी चार गोष्टी पाहा: पट्टीखाली कागद सरकतो का, तळफळी मध्ये दबली का, बाजूच्या फळ्या फाकल्या का, दारं पूर्वीसारखी मिटतात का. आमच्याकडे सकाळी दार घासत होतं. एक पाचर अर्धा इंच आत ठोकल्यावर ते सुटलं.

कपडे लावताना जड ते दोन्ही टोकांकडे आणि हलके मध्ये. कोट, शेरवानी, जीन्स पट्ट्यांच्या जवळ, शर्ट-कुर्ते मधोमध. महिनाभराने एकदा सगळे स्क्रू हाताने तपासा. पाव-अर्धा फेरा बसला तर चांगलं. पण एखादा स्क्रू नुसताच गोल फिरत राहिला, तर त्याला आणखी पिळत बसू नका. तो काढा, इंचभर खाली पट्टीतून नवं भोक पाडा आणि तिथे दुसरा लावा.